खालच्या ओळीतला बिल्ला

३ फेब्रुवारी, मंगळवार

पोचलो. सामान सगळं आलं आणि धाकटीही आली. यातली दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. धक्क्यावर उतरताना तिचा चष्मा बोटीत राहिला. तो आणायला परत गेली आणि टोपी ठेवून आली. वय वर्षं सत्तावन्न.

दोन आठवड्यांत दोन शहरं झाली. पहिल्या शहरात समुद्र इमारतींच्या फटींतून दिसायचा, तोही भाड्याने आणल्यासारखा. दुसऱ्यात तो अगदी समोर होता, पण मध्ये सहा पदरी रस्ता. जीव मुठीत धरून वाळूवर पोचावं तर तिथे आपल्याआधी निम्मं शहर येऊन बसलेलं. हे बेट मात्र बरं आहे. रस्ता एकच, तोही दमून मध्येच थांबतो. खोलीत दोन पलंग, मधे एक लाकडी खुर्ची, आणि मागचं दार थेट वाळूवर उघडतं. फरशी लाल, पुसून पुसून गुळगुळीत झालेली. घरमालकीण कमी बोलते, चादरींचे कोपरे नीट दुमडते. मला आणखी काही नको.

धाकटीला मात्र सगळंच हवं आहे. आल्या आल्या मागचं दार उघडून उभी राहिली आणि पंधरा मिनिटं तशीच. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची, मी अठराची. तेव्हापासून तिच्या वेण्या, तिचे डबे, तिचं लग्न आणि लग्नानंतर सहाच वर्षांत तिचं माझ्याकडे परत येणं, सगळं मीच पाहिलं. बेटं बघायची हे तिचं शाळेपासूनचं खूळ. गेल्या वर्षी वाचनालयात जाते सांगून ती चक्क पोहायला शिकली. केस ओले घेऊन वाचनालयातून परतणारी बाई मी पहिल्यांदाच पाहत होते. पुस्तकं फार पातळ होती का, एवढंच विचारलं.

रोजनिशी मी कॉन्व्हेंटपासून लिहिते. तिथे दर संध्याकाळी दिवसभरातल्या चुका लिहाव्या लागत. मी बहुतेक इतरांच्या लिहायची.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज पहिली फेरी. बोट रोज सकाळी निघते, तीन छोटी बेटं आणि एक वाळूचा पट्टा दाखवते. या पट्ट्यावर झाड नाही, सावली नाही. भरतीला तो पाण्याखाली जातो. बोट दूर नांगरून ठेवतात आणि आपण तोंडात नळी, डोळ्यांवर काच लावून पाण्यात उतरायचं.

मला आवडला तो फळा. शिडीजवळ एक हिरवा फळा आहे, त्यावर खिळ्यांच्या दोन ओळी. प्रत्येक प्रवाशाचा एक पितळी बिल्ला. बोटीवर असाल तर तो वरच्या ओळीत. पाण्यात उतरताना आपल्या हाताने काढून खालच्या ओळीत लावायचा, परत आलात की आपल्या हाताने वर. खालची ओळ रिकामी झाल्याशिवाय बोट हलत नाही. दुसऱ्याच्या बिल्ल्याला कुणी हात लावायचा नाही, नवऱ्याने बायकोच्याही नाही. हे सगळं एक पन्नाशीचा माणूस सांगतो. मी त्याचं नाव बिल्लेवाला ठेवलं आहे. हळू बोलतो, दोनदा सांगतो. मी चौतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स म्हणून काढली. आत गेलेला गॉझचा प्रत्येक बोळा बाहेर आल्याशिवाय मी कुठल्याही सर्जनला टाके घालू दिले नाहीत. मोठमोठे डॉक्टर चडफडत उभे राहायचे. त्यामुळे या माणसाबद्दल मला लगेच आदर वाटला. त्यालाही तसं सांगितलं. तो म्हणाला, बाई, तुमच्यासारखे चार प्रवासी असतील तर मी झोपा काढेन.

माझा बिल्ला सोळा, धाकटीचा सतरा.

धाकटी पाण्यातून आली, टॉवेल गुंडाळून थेट बाकावर जाऊन बसली, आणि बिल्ला खालीच. सगळी बोट वीस मिनिटं समुद्रात एक बाई शोधत होती. तीही शोधत होती. कोण हरवलंय गं, म्हणून मलाच विचारलंन.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज परत तेच. या वेळी बिल्लेवाल्याने तिला बाकावरून उठवून फळ्यापर्यंत चालायला लावलं. आमच्याबरोबर एक निवृत्त गृहस्थ आहेत, सारखे वारा आणि ढग सांगतात, त्यांना सगळे हवामान खातं म्हणतात. ते मोठ्याने म्हणाले की काही लोकांना पाण्यात नाही, खुंटीवरच टांगून ठेवायला हवं. सगळे हसले. धाकटीही हसली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी एक लिहून ठेवते. आज ती पाण्यावर उताणी तरंगत होती, हात पसरून, डोळे मिटून. तिचा चेहरा इतका रिकामा, इतका लहान मी आई गेल्यानंतर पाहिला नव्हता. हाक मारणार होते, मारली नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

क्रमाने लिहिते. क्रम चुकला की सगळं चुकतं.

सकाळी धाकटी विसरलेला टॉवेल आणायला परत गेली म्हणून बोट उशिरा सुटली. मी सगळ्यांसमोर तिला बोलले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाले, "जन्मभर तुला मोजत बसायचं काम माझंच का गं?"

ती शांतपणे म्हणाली, "मग नको मोजूस, ताई."

वाळूच्या पट्ट्याशी ती पाण्यात उतरली. मी थोडं पोहून लवकर आले आणि तिच्याकडे पाठ करून बसले. तासाभराने सगळे परतले. वारा फिरला होता. हवामान खातं आज पहिल्यांदा खरं बोलत होतं. खालच्या ओळीत एकच बिल्ला, सतरा. कुणीतरी उसासा टाकला, कुणीतरी माझ्याकडे पाहिलं. खालच्या केबिनच्या दारातून मला बाकावर कुणीतरी झोपलेलं दिसलं, तोंडावर टोपी, बाजूला पिवळा टॉवेल. धाकटीचा टॉवेल पिवळा. वाटलं, रुसून झोपलीये आणि नेहमीसारखी विसरलीये. बिल्लेवाला पलीकडे नांगराच्या दोराशी वाकला होता.

मी सतरा काढला आणि वर लावला.

तो परत आला, खालची ओळ पाहिली, वरची मोजली, हात वर केला. बोट सुटली.

धक्क्यावर लागेपर्यंत मी रागात बसून होते. मग केबिनमधून टोपी काढत एक दुसरीच बाई बाहेर आली.

बोट लगेच वळवली. दीड तास गेला होता. पट्टा पाण्याखाली होता. आम्ही अंधार पडेपर्यंत हाका मारत फिरलो.

धक्क्यावरच्या कचेरीत विचारलं, बिल्ला वर कुणी लावला. मी म्हणाले, मला माहीत नाही. साहेबाने लिहून घेतलं की बिल्लेवाल्याच्या हलगर्जीपणामुळे. बिल्लेवाला माझ्याकडे पाहत होता. त्याने पाहिलं नव्हतं, पण त्याला कळलं होतं.

थिएटरात एखाद्या पोरीने असं केलं असतं तर मी तिला जन्मात परत उभी केली नसती.

९ फेब्रुवारी, सोमवार

आली. धाकटी आली.

दुपारी बारा वाजता मागचं दार ढकलून आली. निळा पोहण्याचा पोशाख, केस चेहऱ्याला चिकटलेले, पायांना वाळू. खुर्चीत बसली. मी तिला मिठी मारली, रडले, शिव्या दिल्या. तिचं अंग गार होतं. रात्रभर पाण्यात राहिलेलं अंग गारच असणार. टॉवेलने पुसलं. पुसलेलं लगेच ओलं होत होतं.

तिला बसवून घरमालकिणीला हाक मारायला धावले. ती आली, दारात थांबली. खुर्चीकडे पाहिलं, खुर्चीखालच्या पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझा हात हातात घेतला, दाबला. आणि फडकं घेऊन आली.

आंधळी आहे का ही बाई? माझी बहीण समोर बसलीये आणि ही तिच्या पायांखालची फरशी पुसतेय.

ती गेल्यावर धाकटीने विचारलं, "ताई, माझा बिल्ला वर कुणी लावला?"

मी म्हणाले, आधी आराम कर. सूर्य कलला तशी ती उठली आणि मागच्या दाराने बाहेर गेली. मी पाठोपाठ गेले तोवर किनाऱ्यावर कुणी नव्हतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज परत बरोबर बाराला.

खायला ठेवलं, शिवलं नाही. शाळेतल्या गोष्टी काढल्या, तिच्या लग्नात स्वयंपाकी पळून गेला होता त्याची आठवण करून दिली. तिच्या ओठांचा कोपरा हलला. मग तोच प्रश्न, त्याच आवाजात. कुणावर आरोप नाही, राग नाही. माझं पेन पाहिलंस का ताई, असं विचारायची तसं.

मी विषय बदलला. ती कलत्या उन्हात गेली.

मला कळायला लागलंय. ती या प्रश्नासाठी येते. उत्तर मिळालं की येणार नाही.

आणखी एक. चौतीस वर्षांची सवय. कुणाचाही हात हातात आला की माझी बोटं आपोआप मनगटावर नाडी शोधतात. काल आणि आज मी तिचा हात धरला तो कोपराच्या वर. मुद्दाम.

११ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी धक्क्यावर गेले. बिल्लेवाला पायरीवर बसून होता. त्याला बोटीवर चढू देत नाहीत. शनिवारी सुनावणी आहे, त्यानंतर कायमचंच. मी त्याच्याजवळून जाऊ लागले तर तो उठून उभा राहिला. मला शिव्या देईल वाटलं. त्याने विचारलं, बाई, जेवलात का?

माझ्यासारखीला याहून मोठी शिवी नाही.

एक वाक्य लिहून दिलं तर तो सुटेल. पण ते कागदावर लिहायचं म्हणजे तिच्यासमोर बोलायचं. आणि बोलले तर बारा वाजता दार—

नाही. आज नाही.

दुपारी ती आली तेव्हा पाणी जास्त होतं. खुर्चीपासून माझ्या पलंगापर्यंत. तिच्या डाव्या गालाला कसलातरी बारीक चावा. मी पावडर लावली. तिने लावू दिली, लहानपणी लावू द्यायची तशी, डोळे घट्ट मिटून.

विचारलं. मी डबीचं झाकण लावत बसले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी कचेरीतून माणूस आला. दूरच्या बेटाच्या मागे, मच्छीमारांच्या जाळ्यात एक बाई सापडली आहे. ओळख पटवायला या. मी त्याला ठणकावून सांगितलं की माझी बहीण रोज दुपारी माझ्या खोलीत येते, तुमची माणसं नीट शोधत नाहीत आणि वर नको ते शोधून आणतात. तो मान खाली घालून उभा राहिला. घरमालकीण माझी चप्पल घेऊन आली, माझ्यासमोर ठेवली.

गेले.

तीच होती. निळा पोशाख. उजव्या गुडघ्यावरची खूण, सायकलवरून पडली होती तेव्हा मीच टाके घातले होते, माझे पहिले टाके. डाव्या गालाला मासे लागले होते. तिथे पावडर होती. ओली, पांढरी, माझ्या हातची.

मी त्यांना सांगितलं, हो, माझी धाकटी बहीण. सही केली. बाराला दहा कमी होते. मी पळत खोलीवर आले.

ती खुर्चीत बसली होती.

१२, नंतर

नाडी पाहिली. दोन्ही मनगटं, मग मान. एक पूर्ण मिनिट, घड्याळ लावून.

नाही.

तिने मला पाहू दिलं. मग विचारलं.

१३ फेब्रुवारी

झोप नाही. घरमालकीण म्हणते दुसऱ्या खोलीत चला, इथे ओल आली आहे, भिंती खालून फुगल्या आहेत. नाही गेले. ती इथे येते. तिकडे कशी सापडेल— ती कायमच रस्ता चुकते.

उद्या संध्याकाळी अंत्यविधी. इथेच. मी हो म्हणाले. मोठ्या बहिणीने हो म्हणायचं असतं.

आज आली तेव्हा बोलायला त्रास होत होता. शब्दाआधी तोंडातून पाणी. तरी विचारते. वाक्य पूर्ण होत नाही, ताई, माझा— आणि थांबते. मग परत. मी कानांवर हात ठेवून बसले. हे मी केलं. ती बिचारी चार चार वेळा—

भीती वाटते. पहिल्यांदाच लिहिते. तिची नाही. उद्या सगळं होऊन जाईल, आणि मग ही खुर्ची कोरडी—

ते मला नको आहे. बिल्लेवाला गेला खड्ड्यात. नाही, असं नाही. त्याने जेवलात का विचारलं होतं.

१४ फेब्रुवारी, सकाळ

जबाब लिहिला. चार ओळी. मी, अमुक, सतरा नंबरचा बिल्ला माझ्या हाताने खालच्या ओळीतून वरच्या ओळीत लावला. त्या माणसाची चूक नाही. तो दोराशी वाकला होता. मी कचेरीत खोटं बोलले. सही.

घरमालकिणीला दिला, सुनावणीआधी पोचव म्हणाले. तिने वाचला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मी तिच्याहून वीस वर्षांनी मोठी. म्हणाली, मी येईपर्यंत बाहेर सावलीत बसा. हो म्हणाले.

नाही बसले. बाराला पाच कमी आहेत.

१४, दुपार

सांगितलं. ती विचारायच्या आत.

"मी लावला गं. मला वाटलं तू रुसून झोपलीयेस. मला बघायलासुद्धा जावंसं वाटलं नाही, एवढा राग होता."

तिने ऐकलं. मी दाराकडे पाहत होते. आता उठेल, आता जाईल.

नाही गेली. खुर्चीतून उठून माझ्या पलंगाशी आली.

"ठीक आहे, ताई. सरक जरा. फार दमलेय."

डोकं माझ्या मांडीवर. हलकी नाही— भिजलेल्या गादीसारखी. केस पुसतेय. एका हाताने पुसते, एका हाताने लिहिते. पिळते तेवढं परत भरतं. खारट.

झोपली.

पाणी घोट्याच्या वर आहे. दार बंद. फटीतून बाहेर जायला हवं, जात नाही. खुर्ची हलायला लागली. चपला तरंगतायत, तिच्या आणि माझ्या.

उठायचं तर तिला उठवावं लागेल. उठली तर जाईल. हे मला पक्कं ठाऊक आहे, कसं ते विचारू नये.

घरमालकीण आली. दार वाजवते आहे. म्हणते जबाब दिला, त्याला बोटीवर घेतलं— दार उघडा म्हणते. बाहेर कोरडं आहे म्हणते. मी ओ देत नाही. आवाजाने जागी होईल.

पलंगाच्या कडेशी आलं. गार नाही वाटत आता.

किती शांत झोपलीये. नऊ वर्षांची होती तेव्हा आई गेल्याच्या रात्री अशीच, आणि मी सकाळपर्यंत पाय हलवला नव्हता. अजून थोडा वेळ झोपू दे. मी फक्त वही जरा उंच धरते, म्हणजे